डॉमिनिका मागासलेलं?

डॉमिनिका या कॅरिबियन बेटावरचा प्रवासलेख आवडला, पण त्यात या बेटाला ‘सुंदर पण मागासलेलं’ म्हणून मोकळं होणं पटलं नाही. पांढऱ्या वाळूचे लांबलचक किनारे नाहीत, म्हणून बार्बाडोस-अँटिग्वासारखी रिसॉर्टं इथे उभी राहिली नाहीत. ज्वालामुखीचे उभे डोंगर, काळी वाळू आणि धो धो पाऊस, त्यामुळे जंगल टिकलं. केळ्यांवर पोट होतं. युरोपातली सवलतीची बाजारपेठ गेली आणि तेही आटलं. वर सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळानं घरांची छपरं आणि झाडांची पानं, दोन्ही ओरबाडून नेली. रस्ते खराब दिसतात त्यामागे एवढं सगळं आहे.

इथल्या उकळत्या तळ्यापर्यंतची (बॉइलिंग लेक) पायपीट मात्र लेखकानं दोन ओळींत उरकली! गंधकाचा वास, पायाखाली वाफाळणारी जमीन, गुडघ्यांची परीक्षा घेणारे चढउतार. वाटाड्याशिवाय कुणी जाऊ नये.

आपल्याकडे बहुतेकांना डॉमिनिकाची राजधानी रोझो ठाऊक आहे ती २०२३ मध्ये यशस्वी जयस्वालनं तिथे कसोटी पदार्पणात काढलेल्या १७१ धावांमुळे. असो. पूर्व किनाऱ्यावरच्या कालिनागो मूलनिवासींच्या वस्तीत गेला होतात का? त्याबद्दल लेखात काहीच नाही.