वाय-फायचा सिग्नल बदलला म्हणजे छेडछाड झाली, असं नाही

गेले काही दिवस एक दावा खूप फिरतोय: वाय-फायवरचा कॅमेरा किंवा सेन्सर कुणी हलवला, उघडला, तर रेडिओ सिग्नलमधल्या बदलावरून ते लगेच कळतं, आता सील-कुलपाची गरज उरली नाही. असा मजकूर वाचून कुणी खरोखरच कुलूप काढलं तर काय, या काळजीने हे लिहितोय.

‘हात लावला की सिग्नल बदलतो.’ हे खरं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम १२.५ सेंटिमीटर. ती भिंती, कपाटं, माणसं यांवर आपटत अनेक वाटांनी पोचते, त्यामुळे उपकरण दोन-तीन सेंटिमीटर सरकलं तरी या वाटांचं गणित बदलतं. ८०२.११एन या वाय-फायच्या प्रकारात प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे एकावेळी पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याच्या, सुरुवातीला एक ठरलेला नमुना असतो. तो वाटेत किती बिघडला हे रिसीव्हर २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमधल्या ५६ सबकॅरिअरवर, म्हणजे चॅनलमधल्या बारीक लहरींवर, वेगवेगळं मोजतो. याला चॅनल स्टेट इन्फर्मेशन, म्हणजे सीएसआय म्हणतात.

‘म्हणून बदल दिसला की छेडछाड झाली.’ सगळा घोटाळा इथे आहे. खोलीतून माणूस चालत गेला, दार उघडलं, पंखा फिरला, तरी सीएसआय बदलतो. २०१५ साली संशोधकांनी यावर एक चांगला उपाय मांडला. सिग्नल एकाच वेळी अनेक रिसीव्हरवर ऐकायचा. चालणारा माणूस काहीच वाटा अडवतो, पण ट्रान्समीटरलाच, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या उपकरणालाच, हात लागला तर सगळ्या वाटा बदलतात. कल्पना मला मनापासून आवडते. तरीही वर्दळीच्या ऑफिसमध्ये, एकही खोटा इशारा येऊ न देता, या पद्धतीने ५३ टक्के छेडछाडी पकडल्या. उरलेल्या ४७ टक्के सुटल्या. संशोधन म्हणून हा आकडा उत्तम आहे, पण त्याच्या भरवशावर कुलूप काढता येणार नाही.

‘खोक्यात सुई घातली तरी कळतं.’ हा प्रयोगही खरा आहे, पण तो वेगळ्या व्यवस्थेचा. जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सर्व्हरच्या धातूच्या पेटीच्या आतच अँटेना बसवून पेटीतल्या लहरींवर पाळत ठेवली. ०.१ मिलिमीटर जाडीची सुई १६ मिलिमीटर आत गेली, तेवढंही पकडलं गेलं. तिथे आतल्या लहरींवर पाळत ठेवायला खास यंत्रणा होती. भिंतीवरचा प्लॅस्टिकचा कॅमेरा आणि दोन खोल्यांपलीकडचा राउटर यांना तो निकाल लावता येत नाही.

‘प्रत्येक उपकरणाचा रेडिओ-ठसा वेगळा, त्याची नक्कल अशक्य.’ ठसे वेगळे असतात हे बरोबर. २००८ मध्ये १३० हून अधिक वाय-फाय कार्डं त्यांच्या सिग्नलमधल्या बारीक दोषांवरून ९९ टक्क्यांहून जास्त अचूकतेने ओळखली गेली. पण २०१० मध्येच अशा ओळखीला फसवता येतं हेही संशोधकांनी दाखवून दिलं. त्याहून मोठी अडचण साधी आहे: चोराने रेडिओला हातच लावला नाही तर? मेमरी कार्ड बदललं किंवा फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) बदललं, आणि अँटेना जागची हलली नाही, तर ठसा जसाच्या तसा राहतो. वीज तोडून काम उरकलं, तर त्या वेळात ऐकायला सिग्नलच नसतो. म्हणून उपकरण मधेच गप्प झालं तर त्या खंडाची नोंद ठेवणं सीएसआयइतकंच महत्त्वाचं आहे.

‘हे सगळ्या राउटरमध्ये असतंच.’ सीएसआय मोजला जातो, कारण त्याशिवाय माहिती वाचताच येत नाही. पण घरगुती राउटर तो सहसा वापरणाऱ्याला दाखवत नाहीत. बघायचाच असेल तर ईएसपी३२ ही स्वस्त चिप तो देते. दोन-तीन वेगवेगळ्या दिशांना अशा चिपा लावा, आठवडाभर येणं-जाणं, दारं, पंखे यांच्यासकट नोंद घ्या, मग स्वतःच कॅमेरा थोडा सरकवून दोन्ही आलेख शेजारी ठेवा. सील मात्र त्या आठवड्यातही काढू नका.