मन्याच्या मनगटातली गायब दोरी

नाशिकच्या गंगापूर रोडच्या टपरीवर कटिंग येईपर्यंत पक्याने मोबाइल काढला. भाचा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला, त्याने दिलेलं थ्रीडी ॲप. बोटाने कातडी सोलायची, स्नायू बाजूला सारायचे, हृदय गरागरा फिरवायचं.

"आता मढी कशाला फाडायची? आरोग्य विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, सगळ्या कॉलेजांना हेच द्या म्हणावं."

"मढी नको म्हणूस. देहदान केलेली माणसं असतात ती," डॉक्टर म्हणाला. (फिजिओथेरपिस्ट आहे, पण कट्ट्यावर पदवी कोण विचारतंय.)

खरं तर मी पक्याच्या बाजूने होतो. कानातला तो शंख, कॉक्लिया, वाटाण्याएवढा आणि हाडात रुतलेला. शवावर तो दाखवताना मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसणार. शिवाय चुकून कापलेली नर्व्ह परत जुळत नाही, इथे एक बटण दाबलं की सगळं जागेवर.

"मान्य," डॉक्टर म्हणाला. "पण ॲपात धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी. फॉर्मॅलिनमधल्या देहात सगळं मळकट, चाचपून ओळखावं लागतं. आणि थ्रीडीच्या मुळाशीही असाच एक देह आहे. 1993 मध्ये टेक्सासात फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याने देहदान केलं होतं."

"फाशी?"

"इंजेक्शन देऊन. मग देह गोठवून एकेक मिलिमीटर तासत गेले आणि फोटो काढले. अठराशेच्या वर चकत्या. 1994 मध्ये ते खुले केले, त्यावरून कित्येक मॉडेलं बनली."

पक्या जरा गप्प झाला. टपरीवाल्या मामांनी चहा ठेवला.

"अंगठा करंगळीला लावा. आता मनगट जरा आत वाकवा," डॉक्टर म्हणाला.

सगळ्यांच्या मनगटात मधोमध दोरी ताठ उभी राहिली. पामॅरिस लाँगस नावाच्या स्नायूचा कंडरा (टेंडन). मन्याचं मनगट मात्र सपाट.

"मला काय झालंय रे?"

"काही नाही, लेका. बऱ्याच जणांना नसते, अडत काही नाही. उलट दुसरीकडचा कंडरा दुरुस्त करायला सर्जन हीच काढून वापरतात."

पक्याच्या ॲपात दोरी ठसठशीत होती. त्याने हात उलटा केला, झूम केला. "टाकतील पुढच्या अपडेटला."

"काय टाकतील? मन्या?"

मन्याचा चहा निवत होता, तो दुसरा हात तपासत होता. मामांनी गाळणी ठेवली, हात पुसले आणि अंगठा करंगळीला टेकवला. डाव्यात होती. उजव्यात नव्हती.