त्याचंच त्याला विका

कॉलेज रोडला गाळा घेतलात, डिपॉझिट भरलंत, बोर्ड रंगवायला टाकलात आणि आता विचारताय, विकू काय? अहो, एवढंच ना? नाशिककराच्या घरात जे पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे तेच उचला, खोक्यात घाला आणि त्यालाच परत विका.

आधी थोडी विद्या. अब्राहम मॅस्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली माणसाच्या गरजांची उतरंड मांडली. तळाला अन्नपाणी, वर सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मानसन्मान, आणि टोकाला आपल्यातलं जे काही असेल ते फुलवणं. तो प्रसिद्ध त्रिकोण त्याने स्वतः काढलेलाच नाही, तो पुढे व्यवस्थापनवाल्यांनी काढला. हा क्रम दगडावरची रेघ नव्हे, हेही बिचारा सांगून गेला होता. पण तुम्ही कोर्सची फी भरलीय, तेव्हा त्रिकोण काउंटरमागे फ्रेम करून लावाच. आपल्याकडे तो कसा चालतो ते मात्र एखाद्या लग्नघरात जाऊन बघा. छपराचा पत्रा गळत असतो आणि कर्ज काढलेलं असतं वरातीच्या ढोलासाठी. ‘लोक काय म्हणतील’ ही पायरी मॅस्लोच्या यादीत नाही. तुमची गादी तिथेच घाला.

मग पंचांग उघडा. मुहूर्त साडेतीनच आहेत म्हणून हिरमुसू नका, त्यांत जीव फार. अक्षय्य तृतीया घ्या. आमच्याकडे ती आखाजी. पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा घडा द्यायचा, आमरस चापायचा आणि दुपारी झोपायचं. या दिवशी दिलेलं अक्षय्य राहतं, अशी श्रद्धा. तुम्ही फक्त ‘दिलेलं’ खोडून ‘घेतलेलं’ लिहा. एवढ्या एका शब्दावर सराफ बाजारात पाय ठेवायला जागा राहत नाही. दसऱ्याला तर लोक आपट्याची पानं वाटून त्यालाच सोनं म्हणत होते. फुकट! धंद्याचं केवढं नुकसान चाललं होतं, कुणीतरी वेळेवर आवरलं म्हणून बरं.

शिवाय २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. गुरू सिंह राशीत पुन्हा यायला बारा वर्षं लागतात. ‘मर्यादित कालावधीसाठी’ हे शब्द खोटं न बोलता लिहिता येतील अशी वेळ तुमच्या उभ्या धंद्यात फार तर दोन-तीनदा येईल.

हे सगळं चालतं का, असं विचाराल तर माझ्याच घरचं सांगतो. आजीची तांब्याची घागर होती, भांडी बाजारातून आणलेली. पोटावर ठोक्याच्या खुणा, बूड एका बाजूला चेपलेलं, काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आजोबांचं पूर्ण नाव. रोज चिंचेने घासणार कोण, म्हणून आम्ही ती वजनावर मोडीत घातली आणि वर पैसे घालून पाण्याचा फिल्टर आणला. गेल्या महिन्यात गंगापूर रोडच्या एका काचेच्या दुकानातून मी तांब्याची बाटली घेतली. लिटरभरसुद्धा पाणी मावत नाही. सोबत जाड्याभरड्या कापडाची पिशवी, तोंडाला सुतळी आणि आत इंग्रजी पत्रक: पाणी रात्रभर ठेवा, सकाळी उपाशीपोटी प्या, हे प्राचीन ज्ञान आहे.

आईला मराठीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग घागरीत काय आम्ही रॉकेल भरत होतो?”

तिच्याकडे लक्ष देऊ नका, ती तुमचं गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक मी. मला पाणी नकोच होतं, ते गंगापूर धरणातून नळाला येतं. मला हवी होती ऑफिसच्या टेबलावर मावेल एवढी आजी. आणि तेवढीच नेमकी, किमतीचं लेबल लावून, तिथे मांडून ठेवली होती. असा माणूस घासाघीस करत नाही. भाजीवालीशी दोन रुपयांवरून हुज्जत घालून तो थेट तुमच्याकडे येतो आणि निमूट कार्ड काढतो.

जाता जाता एक. बाटलीवर नाव कोरून द्यायची सोय जरूर ठेवा. त्या दुकानात अक्षरामागे वीस रुपये घेतात. मी माझं कोरून घेतलं. आजोबांचं लांब पडत होतं.