घाण्याची दोन मुसळं

लग्नाआधीच्या रविवारी नवरदेवाला घेऊन दिवसभर उंडारायचं, हे आमचं कॉलेजात असतानाच ठरलेलं. तेव्हा बेत गोव्याचा होता. पुढे तो अलिबागवर आला, मग सिंहगडावर, आणि चौतिसाव्या वर्षी प्रत्यक्षात उतरला तेव्हा मंडईपाशी येऊन थांबला. उरलो होतो चौघं : नवरदेव, मास्तर, जाड्या आणि मी. (जाड्या आता काटकुळा झालाय, पण नाव बदलायला गॅझेट करावं लागेल.) सकाळी मिसळ, मग पिक्चर, दुपारी मस्तानी आणि परतताना लक्ष्मी रोडवरून दुरुस्तीला टाकलेली शेरवानी उचलायची. संपलं.

चपला घालत होतो तेवढ्यात काकू बाहेर आल्या. हातात चिठ्ठी.

"मंडईकडे चाललाच आहात, तर जाता जाता एवढं घेऊन या."

चिठ्ठीत १७ ओळी होत्या. मुंडावळ्या (मोत्याच्या, झगमग नको). अंतरपाट. सुपं दोन. लेकुरवाळी हळकुंडं पाच. माझा चुडा, अडीचचा. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून : मुसळं २ (खरी).

कंसातल्या त्या 'खरी'चा अर्थ आम्हाला दुपारी कळला.

मिसळ तेवढी ठरल्याप्रमाणे झाली. मग तुळशीबाग. चार बाप्ये एकत्र तुळशीबागेत शिरले की हे बायकोला शोधताहेत असंच लोक धरून चालतात, आणि आपणहून "पुढे गेल्यात त्या" असं सांगतात. राममंदिरापाशी मास्तर थबकला. तो इतिहासाचा. "हे देऊळ बांधायला घेतलं ते १७६१ साली," तो म्हणाला, "पानिपतच्या वर्षी." मग त्याने चिठ्ठीकडे पाहिलं आणि पुढे काही बोलला नाही.

पूजेच्या सामानाच्या दुकानात जाड्याने गर्दीत हात वर करून ओरडून मागणी केली, "लेकुरवाळ्या पाच द्या!" 'हळकुंडं' म्हणायला विसरला. काउंटरवरच्या सगळ्या बायका वळल्या. त्यातल्या दोघींच्या कडेवर खरंच पोरं होती. दुकानदार मात्र कसलेला. त्याने शांतपणे पोत्यात हात घालून, अंगाला पिलं फुटलेलं एक हळकुंड काढलं आणि जाड्याच्या तळहातावर ठेवलं. "ही लेकुरवाळी. बाकीची सडी." आम्ही चौघं खाली वाकून बघत राहिलो. चौतीस वर्षं हळदीचं दूध पीत आलो, पण हळदीलाही कुटुंब असतं हे आत्ता समजलं.

चुड्याच्या दुकानात "माप?" असं विचारल्यावर नवरदेवाने स्वतःचा हात पुढे केला. तो प्रसंग मी इथेच सोडतो.

खरा घोळ मुसळांचा. पहिल्या दुकानात मुसळ मागितलं तर वीतभर लांबीची, सोनेरी लेस लावलेली, गोंडे लटकवलेली जोडी निघाली. सोबत तेवढंच उखळ आणि तेवढंच जातं. "सेट आहे. फोटोत छान येतो," दुकानदार म्हणाला. आम्ही लगेच व्हिडिओ कॉल लावला.

काकूंनी चष्मा वर करून पाहिलं. "हे काय, वेलदोडे कुटायचेत? घाणा भरायचाय, भातुकली नाही खेळायची." (घाणा म्हणजे लग्नाआधी दोन मुसळं एकत्र बांधून हळकुंडं कांडायचा विधी.)

पुढची सहा दुकानं हेच. एकाने मिक्सर घ्यायचा सल्ला दिला. एकाने खलबत्ता दाखवला. पिक्चरची वेळ टळून गेली. नवरदेवाने मोबाइलवर तिकिटं उघडून एकदा बघितली आणि मिटली. शेवटी मंडईमागच्या एका बोळात, पाट-पोळपाटांच्या ढिगाआड म्हातारबाबा बसलेले सापडले. "घाण्याला हवीत का कांडायला?" त्यांनी विचारलं. इतका नेमका प्रश्न दिवसभरात कुणी विचारला नव्हता. आत गेले आणि छातीइतकी उंच, मधे मुठीला बारीक, खाली लोखंडी कडं ठोकलेली दोन दणदणीत मुसळं आणून त्यांनी आमच्यापुढे उभी केली. आता उखळात डोकं घातलंच होतं, तर मुसळांना भिऊन कसं चालेल? घेतली.

निंबाळकर तालमीच्या चौकात मस्तानी प्यायलो ती मुसळं खुर्चीला टेकवून. पोऱ्याने पाच पेले आणायचे का विचारलं.

मंडई मेट्रोच्या दारात सुरक्षारक्षक उठून उभाच राहिला. "हे काय?"

"मुसळ."

"कशाला?"

"लग्न आहे," नवरदेव म्हणाला. लग्नाला जाताना याला हत्यार लागतं, असं रक्षकाच्या तोंडावर स्पष्ट उमटलं. मुसळं तपासणीच्या यंत्रातून गेली. पडद्यावर दोन जाड काळ्या रेघा सरकल्या. मग त्याने आतून बाईंना बोलावलं. बाईंनी एक नजर टाकली आणि थेट विचारलं, "मुलाकडचा घाणा का मुलीकडचा?"

"मुलाकडचा."

"बांधायला कोरा खण घेतलात?"

खण चिठ्ठीत चौदावा होता. तो पिशवीतून काढून दाखवला, तेव्हा कुठे आम्हाला आत सोडलं.

जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. ते सुमारे ३३ मीटर खोल, आणि वनाजची मेट्रो वर पुलावरून. सरकत्या जिन्यांवर आम्ही भालदार-चोपदारांसारखे उभे. गाडीत एका आजींनी मुसळ मुठीत धरून पाहिलं, डोळे मिटले आणि घाण्याची ओवी आठवू लागल्या. डेक्कनपर्यंत एकच ओळ आठवली. नळ स्टॉपला उतरताना म्हणाल्या, "आठवली की सांगते हं," आणि गेल्या.

साडेआठला घरी पोचलो. काकूंनी एकेक वस्तू घेऊन चिठ्ठीवर खुणा केल्या. हळकुंडं मोजली, त्यांची पिलंसुद्धा मोजली. मुसळं जमिनीवर आपटून आवाज ऐकला. सतराच्या सतरा. आम्ही सोफ्यावर छाती फुगवून बसलेलो.

"आणि शेरवानी?"

कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. दुकान साडेआठला बंद होतं, आणि उद्या त्याची सुट्टी. ऐन मुद्द्याचीच गोष्ट विसरली की 'मुसळ केरात' म्हणतात. आमची मुसळं तर समोर भिंतीला टेकून उभी होती.

नवरदेव दुकानदाराला फोन लावत लावत उठला, चपला घातल्या. मागोमाग आम्ही. तो मालक म्हणे जवळच राहतो, येऊन शटर उघडेन म्हणाला.

"थांबा रे," आतून काकू आल्या. हातात पेन होतं. "निघालाच आहात, तर जाता जाता..."