आजीचा पदर आणि निळूभाऊ

परवा ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या एका सहकारी बाईंनी 'उद्या सुट्टीवर आहे' एवढंच टाकलं. मिनिटभरात खाली निळू फुल्यांचं स्टिकर: 'बाई, वाड्यावर या.' त्याखाली हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग. बाई काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. तेव्हा जे गिळलं ते इथे लिहितोय.

माझी आजी सातारकडची. जत्रेत तंबूतला सिनेमा लागायचा तेव्हा मी तिच्या मांडीवर. पडद्यावर निळू फुले आला की तिचा हात आपसूक पदराकडे जायचा. डोक्यावरचा पदर ती कपाळापर्यंत ओढून घ्यायची, जणू तो तिलाच बघतोय. आजूबाजूच्या बाया 'मुडदा बशिवला मेल्याचा' म्हणून बोटं मोडायच्या. आजी शिव्याही द्यायची नाही. गप्प बसायची. तिनं लहानपणी खरा वाडा पाहिला होता, एवढंच पुढे कधीतरी आईकडून कळलं. त्याबद्दल घरात कुणी जास्त बोललं नाही.

आता हीच धमकी स्टिकर झाली. मिमिक्रीवाल्यांनी निळूभाऊंचा घोगरा, ओढलेला आवाज तेवढा उचलला आणि मान तिरकी केली, झालं काम. पण त्या माणसाच्या खलनायकीची भीती आवाजात नव्हतीच. ती होती त्याच्या निवांतपणात. आपल्याला कुणी 'नाही' म्हणणार नाही, हे माहीत असलेल्या माणसाचा निवांतपणा. हिंदी सिनेमातला व्हिलन ओरडायचा, टेबल उलथायचा. हा बसल्या जागी नुसतं 'हं' म्हणायचा आणि समोरच्याच्या पोटात गोळा यायचा.

'सामना' पुन्हा बघा. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. त्यातला हिंदूराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा, सहकाराचा, अख्ख्या पंचक्रोशीचा धनी. गावात आलेल्या दारुड्या मास्तरला तो हाकलत नाही, उलट आसरा देतो. खाऊपिऊ घालतो, स्वतःचं साम्राज्य कौतुकानं दाखवतो. डॉ. लागूंचा मास्तर एकच प्रश्न धरून बसतो: मारुती कांबळेचं काय झालं? त्या प्रश्नाला सामोरा जाताना हिंदूरावाचा चेहरा बघा. राग नंतर येतो. आधी येतं आश्चर्य, की मला हे विचारायची हिंमत कुणाला झालीच कशी! सत्तेची एवढी बारीक नस दुसऱ्या कुणी पकडलेली मला तरी आठवत नाही.

आणि ही नस सापडली कशी? निळूभाऊ काही वाड्यातून आले नव्हते. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला माणूस. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं नाव झालं, १९६८ला 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा आला आणि पुढे गावोगावचे पाटील-सरपंच त्यांच्याच नावावर लागले. पाटलाला खालून, अंगणातून बघणाऱ्यालाच तो इतका नेमका कळतो, असं माझं मत. ज्याच्या पुढ्यात हात जोडून उभं राहायचं, त्याची भुवई आधी वाचायला शिकावं लागतं.

तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर' नाटकातल्या त्यांच्या सखारामबद्दल लिहायचा अधिकार मला नाही, १९७२चे ते प्रयोग मी पाहिलेले नाहीत. पण टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, मारझोड करणारा आणि तोच मृदंगावर रमणारा हा बाइंडर नुसता 'वाईट' म्हणून उभा करता येत नाही, हे संहिता वाचतानाही कळतं. साच्यातला खलनायक तिथे पडलाच असता.

'सारांश' या हिंदी सिनेमातला पुढारी गजानन चित्रेही बघा. धोतर-फेटा नाही, वाडा नाही, मुंबई आहे, पण निवांतपणा तोच. उलट 'सिंहासन'मध्ये हाच माणूस दिगू टिपणीस झाला. सत्तेचा खेळ जवळून बघून शेवटी वेड्यासारखा हसत सुटणारा पत्रकार. पाटील आणि पाटलाला बघून वेडा होणारा, दोन्ही एकाच अंगात! या दिगूचं स्टिकर मात्र मला अजून कुणी पाठवलेलं नाही.

खऱ्या आयुष्यात ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर असायचे, कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंबरोबर राबायचे. हे हल्ली प्रत्येक पोस्टीत असतं, 'पडद्यावर वाईट, मनानं सोनं' छापाचं. मला ते वाचून जरा कंटाळाच येतो. सोनं होतंच. पण त्यांचं काम मोठं ठरायला त्या दाखल्याची गरज नाही.

१३ जुलै २००९ला ते गेले. संध्याकाळी टीव्हीवर बातमी लागली, मागे जुने सीन दाखवत होते. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तो आवाज आला तशी तिनं मान वर केली.

"कोण, निळू फुले का? काय झालं त्याला?"

"गेले, आजी."

बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लई भ्या घातलं बाबानं. माणूस चांगला हुता म्हणत्यात."

पदर तोवर कपाळापर्यंत आला होता.