“आत भट्टी, पंखा नुसता आवाजाला” या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपण दोन स्टार देऊन लिहिलं आहे की रात्री कॅम्पर व्हॅन भट्टीसारखी तापली होती. छताचा पंखा पूर्ण वेगात लावूनही फरक पडला नाही, आवाज मात्र भरपूर झाला, सिंकमधून घाण वास आला आणि पहाटे बॅटरीनं मान टाकली. डासांमुळे सगळ्या खिडक्या बंद ठेवल्या होत्या, हेही आपणच लिहिलं आहे. उकाडा, आवाज आणि वास या तिन्हींचं मूळ त्या शेवटच्या वाक्यात आहे. बॅटरीचा मामला वेगळा आहे, त्याकडे नंतर येतो.

छताचा पंखा हवा थंड करत नाही, आतली हवा बाहेर फेकतो. जेवढी बाहेर जाईल तेवढी आत यायला वाट हवी. खिडक्या बंद असल्या की तो दाराच्या रबरातून, फटींतून हवा ओढू बघतो. हवा सरकत नाही, पाती नुसती घुसळत राहतात आणि आवाज चढतो. त्यातली एक फट म्हणजे सिंकचा पाइप. तो थेट सांडपाण्याच्या टाकीत उतरतो, त्यामुळे टाकीतली हवा वर खेचली जाते आणि वास गाडीभर पसरतो. सिंकला बूच लावल्यानं वास थांबेल, उकाडा थांबणार नाही. आणि खिडक्या बंद, पंखा चालू अशा अवस्थेत गॅस कधीही पेटवू नका. तो उकाड्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

डासांसाठी खिडकी बंद करायची गरज नव्हती. बाजूच्या खिडक्यांच्या चौकटीत दोन पडदे आहेत: वरून खाली येणारी जाळी आणि खालून वर जाणारा काळा पडदा. काळा पडदा खाली सोडायचा, जाळी पूर्ण खाली ओढून खटका बसवायचा आणि मग काच बाहेर ढकलायची. बहुतेक जण काळा पडदा वर ओढतात आणि हवा लागत नाही म्हणतात. भर उन्हात तर तो पूर्ण ओढून ठेवूच नये. काच आणि पडदा यांच्यामध्ये उष्णता कोंडते आणि ॲक्रेलिकची काच वाकते.

कोणती खिडकी उघडायची, हेही महत्त्वाचं. या गाडीत पंखा दारापाशी, ओट्याच्या वर आहे आणि पलंग मागे. म्हणून पलंगाशेजारच्या दोन्ही खिडक्या उघडायच्या आणि ओट्याजवळची बंद ठेवायची. ती उघडी राहिली तर हवा तिथून आत शिरून लगेच वर निघून जाते, पलंगापर्यंत पोचतच नाही. पंख्याचं तोंड साधारण 35 बाय 35 सेंटिमीटर आहे. जाळी हवा अडवते, म्हणून खिडक्यांची फट मिळून त्याहून मोठी असलेली बरी. खात्री करायची असेल तर टिश्यू पेपरची पट्टी जाळीसमोर आतून धरा. ती आत, आपल्याकडे झुकली पाहिजे. सरळ लोंबत राहिली तर हवा दुसरीकडूनच येते आहे.

फरक किती पडतो ते सांगतो. झोपलेला माणूस सुमारे 75 वॅट उष्णता टाकतो, दोघांची 150. ताशी 100 घनमीटर हवा बदलली तर ढोबळ हिशेबानं आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा साडेचार अंशांनी चढं राहतं. 300 घनमीटर बदलली तर दीड अंशानं. बाहेरच्यापेक्षा खाली मात्र कोणताही पंखा नेणार नाही. बाहेरच घामाच्या धारा लागल्या असतील तर आतही घाम येणारच, फक्त वारा अंगावरून गेला की तो सुकतो.

दिवसा शिरलेली उष्णता हा यातला जड भाग. भर उन्हात एका चौरस मीटरवर 1000 वॅटच्या आसपास ऊन पडतं आणि समोरची काच त्यातलं बरंच आत सोडते. चकाकता पडदा काचेच्या बाहेरून लावा. आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन मगच अडतं, आणि तापलेला पडदा गाडीतच उष्णता सोडतो. गाडी अशी लावा की दुपारनंतर सावली येईल. संध्याकाळी पुढची-मागची दारं उघडून, पंखा पूर्ण वेगात ठेवून वीस मिनिटं कोंडलेली हवा काढा. पण गादी आणि कपाटं पुढचे काही तास ऊब सोडत राहतात, म्हणून झोपेपर्यंत पंखा मोठ्यावर आणि नंतर कमी वेगावर ठेवा.

आता बॅटरी. ती 100 अँपिअर-तासांची आहे, म्हणजे एक अँपिअर शंभर तास पुरेल एवढी. छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे साडेतीन अँपिअर घेतो, म्हणजे आठ तासांत 28 अँपिअर-तास. उकाड्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर निम्म्याहून जास्त वेळ चालतो, त्याचे रात्रीचे 20 ते 25. आपण लिहिल्याप्रमाणे घरचा टेबल फॅनही इन्व्हर्टरवर लावला होता. 50 वॅटचा तो पंखा आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून आठ तासांत 40 च्या वर जातात. बेरीज नव्वदीच्या आसपास, आणि संध्याकाळचे दिवे-चार्जिंग त्याआधीच झालेलं. त्याच छताच्या पंख्याला कमी वेगात एक अँपिअरही लागत नाही.

एसी का नाही, असंही आपण विचारलं आहे. बॅटरीवर चालणारा छताचा एसी 50 अँपिअरच्या घरात ओढतो. ही बॅटरी दोन तासांत रिकामी होईल. एसी हवाच असेल तर बाहेरून वीजजोडणी मिळेल अशाच ठिकाणी मुक्काम करावा लागतो, आणि ही गाडी त्यासाठी बांधलेली नाही. बुकिंगच्या पानावर एसी नसल्याचं लिहिलेलं आहे.

पुन्हा नेलीत तर 12 व्होल्टचा छोटा पंखा मागून घ्या, त्याचं वेगळं भाडं नाही. पलंगाच्या डोक्याशी सॉकेट आहे. इन्व्हर्टर बंद ठेवूनच तो त्यात लावायचा.