जावाचं नृत्य म्हणजे भरतनाट्यम नव्हे

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘जावा-मलायातली नृत्यं म्हणजे तिकडे गेलेलं आपलं भरतनाट्यमच. मुद्रा त्याच, कथा त्याच. पुढे इस्लाम आला आणि सगळं मोडलं.’

आधी ‘भरतनाट्यम गेलं’ हे घेऊ. आजच्या भरतनाट्यमचा क्रम तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारी चार भावांनी एकोणिसाव्या शतकात बसवला. नाव रुळलं १९३० च्या दशकात. जावातल्या प्रांबनानच्या शिवमंदिरावरची नर्तनशिल्पं नवव्या शतकातली. त्यांचं नातं नाट्यशास्त्राशी आहे, ते कोण नाकारतंय? पण पणतीने पणजीला नाच शिकवला, असं होत नाही.

‘मुद्रा त्याच.’ दिसायला काही जुळतात. जावाच्या नृत्यातल्या दोन हस्तस्थिती पाहा: न्गिथिंगमध्ये मधलं बोट अंगठ्याला टेकतं, बाकीची कमानदार; न्ग्रायुंगमध्ये चार बोटं सरळ आणि अंगठा तळव्यात. मात्र आपल्या पताका मुद्रेला ढग, वन, नदी असे विनियोग, म्हणजे ठरलेले अर्थ, असतात, तसे न्गिथिंगला नाहीत. ती नुसती हाताची ठेवण आहे.

खरा फरक पायात आणि कानात. स्रिंपी या जावाच्या दरबारी नृत्यात चौघी नाचतात. नेसूच्या वस्त्राचं टोक दोन पायांमधून मागे लोळत असतं. सोलोत, म्हणजे सुराकार्ता शहरात, त्याला सांपारान म्हणतात. ते पावलानेच बाजूला सारत राहायचं, नाहीतर त्यावरच पाय पडून चाल अडते. घुंगरू नाहीत, पाय आपटणं नाही, नजर खाली. तालही उलटा. आपली सम आवर्तनाची पहिली मात्रा; गामेलान या जावाच्या वाद्यवृंदातली मोठी घंटा, म्हणजे गोंग, शेवटच्या मात्रेवर वाजते. आपल्या तालमीतली नर्तिका गोंग ऐकून हालचाल सुरू करते, आणि तिथेच फसते: तेव्हा हालचाल पूर्ण व्हायला हवी.

‘कथा त्याच’? जावात श्रीकांडी ही अर्जुनाची धनुर्धारी बायको, द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची. विदूषक सेमार तर व्यासांना ठाऊकच नाही.

इस्लामने मोडलं म्हणावं, तर जावाचं राज्य दुभंगणाऱ्या १७५५ च्या गियांती तहानंतरचे योग्याकार्ता आणि सुराकार्ता हे दोन्ही दरबार मुसलमान राजांचे. सुराकार्तात नऊ जणींचं बेधाया केतावांग हे दरबारी नृत्य आजही राज्यारोहणाच्या वार्षिक दिनी होतं.

मलायाचं तर सगळंच चुकलंय. झापिन हे तिथलं नृत्य येमेनमधल्या हद्रमौतच्या अरबांकडून आलं; साथीला ऊद या अरबी तंतुवाद्याच्या कुळातलं गांबुस आणि छोटे मारवास ढोल. पूर्वी ते फक्त पुरुष नाचत. जोगेट या दुसऱ्या नृत्याचा माग ब्रान्यो या पोर्तुगीज नृत्यापर्यंत लागतो. मलाक्का हे मलायातलं बंदर पोर्तुगिजांनी १५११ मध्ये घेतलं, आणि त्याचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. भारताचा दुवा हवाच असेल तर तो असा, बंदरातून आलेला.

शिवाय ये-जा दोन्हीकडून होती. १९२७ मध्ये रवींद्रनाथ जावा-बालीला गेले, आणि तिथलं बाटिक, म्हणजे मेण लावून कापड रंगवायची कला, शांतिनिकेतनात आलं.